पाणी मुरेपर्यंत

"ओ ताई, जरा हात देता का?"

आमच्या ओळखीचा पहिला शब्द हा असा. ताई! पुढं जे झालं ते आठवलं की त्या 'ताई'चं मला अजून हसू येतं, अन् हसता हसता मध्येच थांबायला होतं.

पूर्णा स्टेशनच्या फलाटावर मी जालन्याच्या मावशीची वाट बघत उभी होते. औरंगाबादकडं नामांतराचा मोर्चा निघालेला, त्यात मनमाडची गाडी वाटेत कुठंतरी अडकलेली, अन् तिच्यापायी अकोल्याकडं जाणारी गाडीसुद्धा थांबवून धरलेली. भुरभुर पाऊस, ओल्या घोंगड्यांचा वास, चहावाल्यांच्या आरोळ्या... अन् या सगळ्या गोंधळात एक तरुण पत्र्याच्या मोठ्या डब्याशी उकिडवा बसला होता. बाही कोपरापर्यंत सरकवलेली. डब्यातलं पाणी तळहातानं थापटत होता. थप्... थप्... थप्. भाकरी थापावी तसं.

"हात कशाला?" मी विचारलं.

"यात माशांची पिलं हायत. गाडी सुटंना, हवा कमी पडायली त्यांना. पाणी थापटलं की हवा मिसळती. मी मास्तरला इचारून येतो, तंवर तुमी थापटा. पन हात थांबवू नका बरं का... हात थांबला की त्यांचा जीव गुदमरतो."

"मी? अहो, आमी लिंगायत हाव! आमच्या घरात मासा म्हणून शब्दसुद्धा काढत न्हाईत."

"खायला कोण सांगायलंय? जगवायला सांगायलोय."

मी तशी तोंडाळ, पण त्या दिवशी गपचूप पदर खोचला अन् बसले. पाणी गार होतं. केसाएवढी बारीक पिलं तळहाताला गुदगुल्या करत सुळकन निसटायची. तो परत आला तरी मी थापटतच होते, अन् तो समोर बसून नुसता बघत होता.

"लय बरं जमायलंय की," तो म्हणाला.

"भाकरी येते मला."

"मंग तर झालंच."

"काय झालं?"

तो असा लाजला की कान लाल झाले. मला मजा वाटली. नाव बन्सीधर. गाव चुडावा, घरी जेमतेम शेती. येलदरी धरणावर मत्स्यबीज केंद्रात नोकरीला होता, अन् दर गुरुवारी पिलांचे डबे घेऊन पूर्णेला यायचा. कलकत्त्याकडं जाऊन माशांचं शिक्षण घेऊन आलेला. हे ऐकलं अन् माझ्या तोंडातून खरं निघून गेलं.

कारण घरात मासा शब्द काढत नाहीत, हे अर्धं खोटंच होतं! आमच्या आप्पांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान, मागं घर. आप्पा माल भरायला हैदराबादला गेले, तिथं एका शेटजीच्या दुकानात काचेची टाकी बघितली अन् वेडेच झाले. "क्या बात है! बरकत येती म्हणे," असं म्हणत तशीच टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं गलबत अन् तांबडे मासे घेऊन आले. नळाचं पाणी भरलं, मासे सोडले... अन् दुसऱ्या दिवशी सगळे उलटे. त्यावर अव्वा, म्हणजे आप्पांची आई चन्नबसम्मा, जे काही बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून टाकीत दोऱ्याची रिळं ठेवलेली होती.

"पानी मुरवलं न्हाई तुमी," बन्सीधर म्हणाला.

"मुरवायला ते काय लोणचं हाय?"

"लोणच्यावानीच असतंय. घाई केली की नासतं. पुढच्या गुरुवारी येऊ का मी? आप्पा रागावतील?"

"आप्पा न्हाई रागावणार. अव्वा रागावेल."

"मंग येतोच," तो म्हणाला, अन् तेवढ्यात त्याची गाडी हलली.

तो आला. येताना धरणाखालच्या ओढ्यातलं ओलं गवत पोत्यात बांधून, बाभळीचं एक वाकडं मूळ अन् नदीतले काळे गोटे घेऊन आला. रंगीत खडे अन् गलबत त्यानं बाजूला काढलं.

"हे विलायती थाट," तो आप्पांना सांगायला लागला. "आपन आपल्या आशियाची पद्धत करू. आपल्याकडलीच झाडं, आपल्याकडलेच मासे. भाताच्या खाचरात, ओढ्यात जसं असतं तसं. झाडं जास्ती, मासे कमी."

तळाला धुतलेली काळी माती, तिच्यावर पूर्णा नदीची वाळू. मागच्या बाजूला फितीसारखं लांब गवत, पुढं कलकत्त्याहून आणलेलं रुंद पानांचं बुटकं झाड. एकेक मूळ तो बोटानं वाळूत असं खोवायचा की जणू कुणाच्या केसांत फूल खोवतोय. मी बादली धरून उभी होते. बादली धरायला गडी होता घरात, पण धरली मीच.

बाभळीचं मूळ त्यानं मधोमध न ठेवता एका अंगाला ठेवलं.

"मधी कामून न्हाई?" मी विचारलं.

"मधी ठेवलं की नजर तिथंच अडकती. अंगाला ठेवलं की हिकडंतिकडं फिरून परत येती."

"अन् तुमची नजर? ती कुठं अडकली म्हणायची?"

तो खाली मान घालून वाळू सारखी करत राहिला. पण टाकीच्या काचेत मला त्याचं हसू दिसलं.

मग सुरू झालं वाट बघणं. मासे नाहीत! नुसतं पाणी अन् गवत. त्यानं फक्त दोन-चार गोगलगाई सोडल्या. "ह्या जगल्या तर पानी बरं समजायचं," असं माझ्या आईला, शिवम्माला, त्यानं नीट समजावून सांगितलं. आई हे असलं सगळं फार लक्ष देऊन ऐकायची. आप्पा मात्र वैतागले. "अरे बाबा, नुसतं गवत बघायला गिऱ्हाईक येतंय व्हय दुकानात? म्हशी येतील!" म्हणाले.

"मुरू द्या, आप्पा."

दर गुरुवारी तो पाणी बघायला यायचा. पाण्यात बघण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं, हे त्यालाही ठाऊक, मलाही. त्यानं मला ताई म्हणणं सोडून दिलं होतं, पण दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचेना, म्हणून 'अहो' म्हणायला लागला.

"अहो तर बायको म्हणती नवऱ्याला," मी म्हटलं.

"मंग तुमी काय म्हणता ते सांगा, ते म्हणतो."

"मी काय म्हणू... पाणी मुरलं का, एवढंच म्हणते."

"मुरायलंय," तो हळूच म्हणाला. "वरून दिसत न्हाई, पन मुरायलंय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, अन् आईनं का ते विचारलं नाही.

शेवटी मासे आले. ओढ्यातले करंगळीच्या पेराएवढे, अंगावर पट्टे असलेले चपळ मासे, अन् कलकत्त्याकडची निळ्या-तांबड्या रंगाची एक जोडी. त्यातला नर मोठा गमतीचा. पाण्याच्या वर, गवताच्या शेंड्याशी, तोंडानं बुडबुडे सोडून सोडून त्यानं फेसाचं घर बांधायला घेतलं.

"आधी नर घर बांधतो," बन्सीधर म्हणाला. "मंग मादी येती."

"अन् न्हाई आली तर?"

"तर बांधत बसतो."

दुकानात गर्दी व्हायला लागली. आप्पा टाकीपुढं खुर्ची टाकून चहा प्यायला लागले. अन् सगळ्यात नवल म्हणजे अव्वा! आधी "जीव कोंडून ठेवलेत मेल्यांनी" म्हणत नाकाला पदर लावून जाणारी अव्वा, सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा झाली, कपाळाला विभूती लागली, की टाकीपाशी येऊन बसायची अन् चिमूटभर कणीक टाकायची. त्या निळ्या नराचं नाव तिनं 'शेटजी' ठेवलं होतं.

आईनं हे सगळं हेरलं. माझं तर तिनं कधीच हेरलेलं होतं. एक दिवस दळण निवडताना म्हणाली, "शिवकांता, त्या पोराला सांग, दसऱ्याला सोनं द्यायला येताना घरचं मोठं माणूस घेऊन ये म्हणावं. आप्पांशी मी बोललेय."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आप्पा काय म्हणले?"

"पोरगं गुणाचं हाय म्हणले. आपल्यातलं न्हाई, त्यात धंदा माशांचा... पण अव्वा व्हय म्हणली तर त्यांची ना न्हाई. अन् अव्वा म्हणली, येऊ द्या, बघू."

अव्वाचं 'बघू' म्हणजे दुसऱ्याचं 'हो' असतं. मी आईच्या गळ्यातच पडले.

आईचं त्या घरातलं जगणं मात्र तुम्हाला सांगितलं पाहिजे. अव्वानं एकदा चूक धरली की मरेपर्यंत सोडायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आईच्या हातून दूध उतू गेलं होतं. ते दूध आमच्या घरात अजून उतू जात होतं, दर दिवाळीला! पाहुण्यांपुढं, गड्यांपुढं, माझ्यापुढं. आई खाली मान घालून ऐकायची.

खंडेनवमीला दुकान झाडून-पुसून निघतं, गज, कात्री, तराजू पूजेला लागतात. टाकीच्या काचेवर हिरवट थर धरला होता. उद्या बन्सीधरची माणसं येणार, अन् त्याचीच टाकी मळकी दिसायची? आईनं मनावर घेतलं. चहाच्या गाळणीनं एकेक मासा अलगद काढला. पण ठेवायचे कशात? प्लॅस्टिकच्या बादलीत? छे! तिनं सणासाठी चिंच लावून घासलेलं तांब्याचं घंगाळ काढलं. ते घंगाळ आमच्या घरात लग्नकार्यात अन् जावयाला न्हाऊ घालतानाच निघायचं. त्यात पाणी भरलं, मासे सोडले. काच घासून टाकीत नवं पाणी घातलं ते गढूळ झालं, तेव्हा म्हणाली, "आज न्हाई सोडायचे. मुरू दे रात्रभर. त्यानंच सांगितलंय ना?"

घंगाळावर मलमलीचं फडकं टाकलं. दिव्याच्या उजेडात ते असं लखलखत होतं की मला उगीच लाज वाटली.

दसऱ्याच्या सकाळी अव्वाच्या ओरडण्यानं जाग आली. "शिव शिव शिव!"

सगळे मासे वर आले होते. पट्ट्यांचे, निळे, तांबडे... सगळे. शेटजीसुद्धा.

"सणाच्या दिवशी घरात मढी!" अव्वानं फडकं बाजूला फेकलं. "कुणाचा हात लागला? सांगा मला, कुणाचा हात लागला?"

आई भिंतीला टेकून उभी होती. अन् तेवढ्यात दारातून आवाज आला, "आप्पा हायत का?" बन्सीधर, इस्त्रीचा सदरा, हातात आपट्याच्या पानांची डहाळी, अन् मागं फेटा बांधलेले त्याचे काका, लिंबाजी.

अव्वानं त्यालाच धरलं. "ये बाबा. तूच सांग. काल संध्याकाळपर्यंत चांगले होते. कशानं मेले?"

तो घंगाळाशी वाकला. आतल्या बाजूनं एक बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग मान वर करून त्यानं आईकडं बघितलं. फक्त बघितलं. आईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"माझीच चूक हाय," तो म्हणाला. "मागल्या खेपेला आणलेलं झाड रोगट होतं. त्याचं ईष टाकीतल्या पान्यातनं आधीच अंगात भिनलं. मला आधीच दिसाया पाहिजे होतं."

अव्वानं परत नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "तुझ्या हाताला गुण न्हाई, बाबा." अन् आत निघून गेली.

संपलं. अव्वाचं 'बघू' तिथं संपलं. लिंबाजी काकांनी आप्पांच्या हातात सोनं दिलं, "सोन्यासारखे रहा" म्हणाले, अर्धा कप चहा घेतला. ज्या बोलण्यासाठी आले होते ते बोलणं ओठांवर आलंच नाही. आप्पा टाकीकडं बघत बसले, बन्सीधरकडं त्यांनी बघितलं नाही.

मी दारापर्यंत धावत गेले. "झाड रोगट होतं? मी रोज बघत होते की! हिरवंगार होतं!"

"होतं म्हणलं ना, अहो..."

"मला अहो म्हणू नका!"

तो थांबला. पण काका पुढं निघाले होते, अन् तोही निघाला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला असा राग आला होता त्याचा! इतक्या दिवसांचं मुरवलेलं पाणी, अन् एका निष्काळजीपणात घालवलं. भांडलाही नाही माझ्यासाठी. आप्पांनी टाकी विकून टाकली. उदगीरच्या एका चांगल्या घराकडून विचारणा आली, मुलाचं नाव विरूपाक्ष, दाळीचा व्यापार. मी रागाच्या भरात मान हलवली. सुपारी फुटली.

लग्नाच्या दिवशी हळदीच्या न्हाणाला जालन्याच्या मावशीनं तेच घंगाळ काढलं, चिंचेनं घासून. आई धावत आली अन् तिच्या हातातून ते हिसकावून घेतलं.

"त्यात न्हाई! बादलीत न्हाऊ घाला तिला."

सगळ्या बायका बघत राहिल्या. मावशी म्हणाली, "अगं शिवम्मा, शुभ असतंय ते."

"न्हाई म्हणते ना मी!"

बायका पाणी आणायला गेल्या तेव्हा आई माझ्या पाठीला हळद लावत होती. तिचा हात थांबला.

"झाड रोगट नव्हतं, शिवकांता."

"काय?"

"चिंच लावलेल्या तांब्याचा कळक पाण्यात उतरला, त्यानं मासे मेले. त्यानं बोट फिरवलं अन् त्याला कळलं. त्याच्या तोंडाकडं बघून मलाबी कळलं. नंतर मी मुद्दाम टाकीतली गोगलगाय घंगाळात टाकून बघितली. सकाळी मेलेली. पाप केलं, पण खात्री केली." तिनं हळदीची वाटी खाली ठेवली. "अव्वाच्या भीतीनं माझी जीभच उचलली न्हाई गं. तो माझं घेऊन गेला, अन् मी नेऊ दिलं."

मला आईचा राग आला. खरंच सांगते, इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. अन् त्याच वेळी तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. अंगाला हळद लागली होती, मांडवात सनई वाजत होती, उदगीरचं वऱ्हाड जानवशाला उतरलं होतं. बायका पाणी घेऊन आल्या अन् मी बादलीतल्या पाण्यानं न्हाले.

माझे यजमान चांगले आहेत. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, ही गोष्ट त्यांची नव्हेच.

पंचमीला पहिल्यांदा माहेरी आले. आप्पा न्यायला आले होते. पूर्णेला उतरलो, पाऊस भुरभुरत होता, आई घरून टांगा घेऊन येणार होती, तो आलाय का बघायला आप्पा ट्रंक घेऊन पुढं गेले. अन् फलाटाच्या टोकाला पत्र्याचा तो डबा! जवळ कुणी नव्हतं. झाकण उघडं, पिलं पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडायला लागलेली.

मी बसले. हिरव्या बांगड्या वर सरकवल्या अन् थापटायला लागले. थप्... थप्.

"बाबूनं पावतीला उशीर केला—" म्हणत तो धावत आला, अन् मला बघून जागच्या जागी उभा राहिला. जरा वाळला होता. "येतंय अजून थापटायला?"

"भाकरी रोजच थापते."

तो समोर बसला, पहिल्या दिवशीसारखा. मी वर न बघता म्हणाले, "आईनं सांगितलं मला सगळं."

त्यानं डब्याचं झाकण उगीच पुसलं.

"कामून केलं तुमी असं? एक शब्द बोलला असतात तर... आज मी..."

"अव्वांनी इचारलं तवा तुमच्या आईनं माझ्याकडं बघितलं," तो म्हणाला. "मी इचार केला... तुमी तर त्या घरातनं जाणारच होता. माझ्यासंगं, न्हाई तर दुसऱ्या कुणासंगं. त्यांना तिथंच ऱ्हायचं होतं."

किती साधं बोलला! अन् मी लग्नाच्या दिवसापर्यंत ज्याच्यावर चिडून होते तो हा माणूस. डोळ्यांतलं पाणी डब्यात पडू नये म्हणून मी मान फिरवली.

"मला तरी सांगायचं होतं."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी गप बसला असता व्हय?"

"नसते बसले."

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता, पण बरं वाटलं.

"तिकडं क्वार्टरवर टाकी केली का?" मी विचारलं.

"केलीय. तशीच. बाभळीचं मूळ एका अंगाला."

"अन् लगीन?"

तो पिलांकडं बघत म्हणाला, "बांधत बसलोय."

गाडीनं शिट्टी दिली. फाटकाकडून आप्पांनी हाक मारली, "शिवकांता! टांगा थांबलाय!"

हात थांबवायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक. त्यालाही. म्हणून मी हात काढायच्या आधी त्यानं आपला हात पाण्यात घातला. क्षणभर दोन्ही हात त्या एका पाण्यात होते... लागले नाहीत एकमेकांना. मग मी माझा काढून घेतला.

आप्पा बघत होते. तो उठून उभा राहिला नाही, थापटत राहिला, अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लय मेहेरबानी झाली, ताई."

टांग्यात आई बसली होती. माझा ओला हात तिनं बघितला. फलाटाकडं बघितलं, तिथला तो डबा, तो वाकलेला माणूस बघितला. माझा हात मांडीवर ओढून घेतला अन् पदरानं पुसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यानं तो परत ओला होत होता, अन् ती एकेक बोट परत पुसत होती.

मी पुसू दिलं.